यंत्रांच्या दूरसंचारजोडणीचा हिशेब : पनवेलच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

मुंबईहून पुण्यास जावयाचे तर प्रवाशाने पनवेलपर्यंत होडीने यावे, तेथे उतरावे, आणि पुढे बोरघाटाची चढण धरावी, असा क्रम आगगाडी येण्यापूर्वी दीर्घकाळ चालू होता. इ. स. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाल्यावर या क्रमास वेग आला. १८५२ मध्ये पनवेलला नगरपालिका मिळाली. आगगाडी १८६३ मध्ये घाट चढली, पण ती कल्याण-कर्जतच्या वाटेने, आणि पनवेल बाजूस पडले. राज्यकारभाराच्या नकाशावरही हे गाव कधी एका जागी स्थिर राहिले नाही. १८८३ मध्ये ते ठाणे जिल्ह्यातून कुलाबा जिल्ह्यात गेले. कुलाब्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. १९७० नंतर सिडकोच्या नवी मुंबई प्रकल्पासाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील गावे निवडण्यात आली. आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. जिल्हा रायगड, वसाहत नवी मुंबई आणि पालिका स्वतंत्र, अशी या तालुक्याची तिहेरी ओळख आहे.

या सर्व सीमांखेरीज आणखी एक सीमा या परिसरातून जाते. तिची पाटी कोठेही लावलेली नाही. दूरसंचार परवान्यांची मुंबई आणि महाराष्ट्र ही दोन सेवाक्षेत्रे जेथे परस्परांस भिडतात ती ही सीमा होय. माणसाच्या हातातील भ्रमणध्वनीला ती आता फारशी जाणवत नाही. परंतु ज्या यंत्रांत सिमकार्ड बसविलेले असते आणि जी माणसाच्या मध्यस्थीवाचून परस्पर निरोप धाडतात, अशी वीजमीटर, मालमोटारींचे स्थाननिदर्शक, पंपांचे नियंत्रक इत्यादी यंत्रे जो कोणी वापरू इच्छितो, त्याला ही सीमा व तिच्यामागचे नियम टाळून पुढे जाता येत नाही. अशा यंत्रजोडणीचे नियोजन आणि अंदाजपत्रक करताना प्रत्यक्षात कशाचा हिशेब करावा लागतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय अभियंत्याचा दिसतो. तथापि या हिशेबाचे बहुतेक घटक काही शब्दांच्या व्याख्यांवर उभे आहेत, आणि त्या व्याख्या निरनिराळ्या काळी निरनिराळ्या हेतूंनी केलेल्या आहेत, असे माझे मत आहे. निरोप म्हणजे काय, क्षेत्र म्हणजे कोणते आणि ग्राहक म्हणजे कोण, हे ते तीन प्रश्न होत. पैकी तिसऱ्याचे उत्तर अद्याप पुरते स्थिरावलेले नाही, आणि सामान्य माणसाचा संबंध नेमका त्याच्याशीच येतो.

निरोपाचा प्रश्न प्रथम घेऊ. हिंदुस्थानात तारायंत्र सर्व लोकांच्या उपयोगासाठी १८५५ च्या फेब्रुवारीत खुले झाले. तारेचा आकार शब्द मोजून ठरे. भाषेच्या अभ्यासकाला या गोष्टीचे महत्त्व सांगावयास नको, कारण शब्दागणिक पैसा पडू लागताच लोकांनी आपली भाषा आखडती घेतली. विभक्तिप्रत्ययांनी अर्थ सांभाळणाऱ्या आपल्या भाषांना हा संकोच इंग्रजीपेक्षा सहज जमला असता, पण पुष्कळ काळ तारेची भाषा व्यवहारात इंग्रजीच राहिली. व्यापाऱ्यांनी सांकेतिक शब्दांचे कोश बनविले. एका शब्दात एक संपूर्ण मागणी सांगता येईल अशी त्यांची रचना असे. टपाल व तार खात्यानेही शुभेच्छांच्या तारांसाठी ठरावीक वाक्यांना क्रमांक दिले होते. पाठविणाऱ्याने क्रमांक लिहावयाचा, तारेतून क्रमांकच जावयाचा, आणि घेणाऱ्याच्या हाती मात्र पूर्ण वाक्य पडावयाचे. आजचा मीटर आपली खबर धाडतो ती याहून तत्त्वतः निराळी नाही. तोही वाक्य पाठवीत नाही, आधी ठरलेल्या तक्त्यातील क्रमांक व त्यापुढील आकडा पाठवितो. तक्ता दोन्ही टोकांस असतो.

आणखी एक साम्य आहे. तारेला किमान आकार असे. शब्द त्याहून कमी असले तरी पैसे तेवढेच. यंत्रांच्या जोडणीत हीच किमान आकाराची गोष्ट हिशेब बिघडविते. उदाहरणादाखल असे धरू की एक वीजमीटर दर अर्ध्या तासाची नोंद पाठवितो आणि एका नोंदीस २०० बाइट लागतात. दिवसाच्या ४८ नोंदी, तीस दिवसांच्या १,४४०. म्हणजे महिन्याचे २,८८,००० बाइट, तीन-दशांश मेगाबाइटच्याही आत. हा आकडा पाहून कोणासही वाटेल की खर्च नगण्य आहे. परंतु प्रत्येक नोंदीसाठी स्वतंत्र जोडणी उघडली आणि दूरसंचार कंपनीने प्रत्येक जोडणी १० किलोबाइटच्या पटीत मोजली, तर तीच १,४४० संभाषणे १४,४०० किलोबाइटची होतात. हिशेब ५० पटींनी वाढला, आणि मीटरने मात्र एक अक्षरही अधिक उच्चारलेले नाही. दिवसाच्या ४८ नोंदी एकत्र बांधून एकदाच धाडल्या तर ही वाढ जवळजवळ नाहीशी होते. तारेच्या काळी जाणता व्यापारी हेच करीत असे. चार निरोप साठवून एक तार करी.

मालमोटारीचे उदाहरण याहून बोलके आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून सुरू होतो, आणि तेथील लोखंडाच्या बाजारामुळे मालमोटारींचा राबता मोठा आहे. एखाद्या वाहतूकदाराने प्रत्येक मोटारीत स्थाननिदर्शक बसविला, मोटार दिवसास १० तास चालते, आणि निदर्शक दर १० सेकंदांनी २०० बाइटांचा एक निरोप धाडतो असे धरले, तर दिवसाचे ३,६०० आणि पंचवीस दिवसांचे ९०,००० निरोप होतात, म्हणजे १८ मेगाबाइट. आणि निरोपाच्या वेष्टनाचे, पोचपावतीचे बाइट तेवढेच धरले तर ३६. तोच निदर्शक दर मिनिटास एकदा बोलला तर हे सर्व एक-षष्ठांशावर येते. वाहतूकदार बहुधा दराबद्दल घासाघीस करतो. वारंवारता ठरविण्याचे काम मात्र यंत्र विकणाऱ्यावर सोपवून मोकळा होतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. किती वेळा बोलावयाचे हे आधी ठरले पाहिजे, दर त्यानंतर.

आता कायद्याकडे वळू. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने ‘निरोप’ या शब्दाची जी व्याख्या केली तिच्यात तारेने पाठविलेला मजकूर तर येतोच, पण पाठविण्यासाठी तार अधिकाऱ्याच्या हाती दिलेला मजकूरही येतो. व्याख्या करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खिडकीशी कागद घेऊन उभा असलेला माणूस होता, हे उघड आहे. पुढे १९६१ च्या दुरुस्तीने ‘तार’ या संज्ञेत चिन्हे, संकेत, लेखन, चित्रे, ध्वनी आणि कोणत्याही प्रकारची खबर, तीही रेडिओलहरींनी धाडलेली, असे सर्व काही सामावून घेण्यात आले. ‘खबर’ म्हणून मी येथे ज्याचा अनुवाद केला तो इंग्रजी शब्द ‘इंटेलिजन्स’ हा आहे. वार्ता हा त्याचा जुना अर्थ कायद्याने जपला, तर बाहेरच्या जगात तोच शब्द आज यंत्रांच्या बुद्धीसाठी योजला जातो. अर्थांतराचे इतके नामी उदाहरण वर्गात सांगण्यास मिळणे कठीण. असो. या व्यापक व्याख्येचा परिणाम असा झाला की, मीटरच्या पोटातील सिमकार्डही कायद्याच्या दृष्टीने ‘तार’ ठरले आणि ते चालविण्याचा अधिकार केंद्र सरकारच्या एकाधिकारात व त्याने दिलेल्या परवान्यांत बांधला गेला. प्रत्यक्ष तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. तार आली म्हटले की घरातील माणसांच्या काळजात धस्स होई, तो अनुभव संपला. पण तारेचा कायदा त्यानंतरही दहा वर्षांहून अधिक काळ यंत्रांच्या जोडणीवर राज्य करीत राहिला. दूरसंचार अधिनियम, २०२३ याने त्याची जागा घेण्यास आरंभ केला. त्याची काही कलमे २०२४ च्या जून-जुलैत लागू झाली. नव्या व्याख्येत निरोपाच्या प्रकारांत ‘डेटाचा प्रवाह’ स्पष्टपणे घातला आहे. बोलणारा नसतानाही निरोप असू शकतो, हे कायद्याच्या भाषेने आता उघड मान्य केले.

मराठीची अडचण या ठिकाणी नोंदविण्याजोगी आहे. दूरध्वनी आणि भ्रमणध्वनी हे आपले दोन्ही शब्द ध्वनीवर आधारलेले आहेत. मीटरला ध्वनी नाही, आणि त्याला भ्रमणही नाही; तो भिंतीवर आहे तेथेच असतो. ‘भ्रमणध्वनी जाळ्याला जोडलेला मीटर’ असे म्हणताना शब्दाचे दोन्ही अवयव खोटे ठरतात. यंत्र-यंत्र संवाद, वस्तूंचे आंतरजाल असे पर्याय सुचविले गेले आहेत; परंतु दुकानात आणि कार्यशाळेत ‘सिमवाला मीटर’ हाच शब्द चालतो, आणि तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो.

क्षेत्राचा प्रश्न हा या विषयाचा पनवेलशी निगडित भाग होय. १९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानंतर भ्रमणध्वनीचे परवाने महानगरे आणि राज्यवार परिमंडळे यांत विभागून देण्यात आले. त्या वेळी मुंबई क्षेत्राची व्याख्या जिल्ह्यांनी वा तालुक्यांनी केली गेली नाही. मुंबई दूरध्वनी, नवी मुंबई दूरध्वनी आणि कल्याण दूरध्वनी केंद्र यांच्या सेवेखालील स्थानिक प्रदेश म्हणजे मुंबई. आणि तो वगळून उरलेले संपूर्ण महाराष्ट्र राज्य व गोवा मिळून महाराष्ट्र क्षेत्र, असे परवान्याचे शब्द आहेत. म्हणजे बिनतारी सेवेची सीमा तारांच्या केंद्रांनी आखली. जमिनीतून गेलेली जुनी तांब्याची तार जेथवर पोहोचली होती तेथवर मुंबई. रायगड जिल्ह्यातील पनवेल तालुक्याच्या ज्या भागात सिडकोच्या वसाहती उठल्या व नवी मुंबईची दूरध्वनी सेवा आली, तो भाग अशा रीतीने दूरसंचाराच्या दृष्टीने मुंबईत गेला, आणि घाट चढून जाणारा रस्ता महाराष्ट्रात राहिला. कळंबोलीहून निघालेली मोटार ही सीमा एकदा ओलांडते, आणि मग पणजीपर्यंत तिला दुसरी सीमा लागत नाही. कारण गोव्यातील पणजी आणि देशावरील पुणे ही दोन्ही एकाच क्षेत्रात, आणि पनवेलचा शेजार मात्र दुसऱ्यात.

ही विभागणी करणाऱ्यांना दोष देण्याचे कारण नाही. परवाने विकावयाचे होते, महानगरातील उत्पन्न आणि राज्यातील उत्पन्न यांत महदंतर होते, आणि हाताशी असलेली तयार विभागणी दूरध्वनी केंद्रांचीच होती. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांमध्ये देशातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण झाले तेव्हा एखादी मालमोटार स्वतः होऊन दर मिनिटास मालकाशी बोलेल असा विचार कोणाच्या मनात असण्याचा संभव नव्हता. परंतु परिणाम टिकला. माणसांसाठी दुसऱ्या क्षेत्रातील फिरतीचे दर नियामक प्राधिकरणाने २०१५ मध्ये खाली आणले, आणि पुढे कंपन्यांनी ते बहुतांशी सोडून दिले. ३ जुलै २०१५ पासून क्रमांक न बदलता देशभर कंपनी बदलण्याची मुभाही आली. म्हणून आज या सीमेचा खर्च देयकावर स्वतंत्र ओळीने दिसत नाही. तो अन्यत्र दडलेला असतो. ध्वनिलहरींचे पट्टे क्षेत्रवार लिलावाने विकले जातात. त्यामुळे एकाच कंपनीजवळ मुंबईत जे पट्टे असतील तेच महाराष्ट्रात असतील असे नाही. स्थाननिदर्शक विकत घेणाऱ्याने त्यातील रेडिओ दोन्ही क्षेत्रांतील पट्टे धरू शकतो की नाही हे पाहिले पाहिजे. स्वस्त यंत्र कळंबोलीच्या आवारात उत्तम चालते आणि खंडाळ्याच्या वळणावर मुके होते, असे घडले तर दोष केवळ डोंगराचा मानू नये. (येथे मी ‘ध्वनिलहरी’ लिहिले, वाचकांनी ‘रेडिओलहरी’ वाचावे. वर सांगितलेल्या ध्वनीच्या मोहाचा याहून चांगला पुरावा देता येणार नाही, म्हणून ते तसेच ठेवले आहे.)

क्रमांकाचा इतिहास थोडक्यात सांगतो. २००३ च्या राष्ट्रीय क्रमांक योजनेत २०३० पर्यंत ७५ कोटी जोडण्यांची तरतूद धरलेली होती. माणसांनीच ती मर्यादा मुदतीच्या कितीतरी आधी ओलांडली. त्यात यंत्रांची भर पडली तर दहा अंकी क्रमांक पुरणार नाहीत हे स्पष्ट होते. म्हणून यंत्रांसाठी तेरा अंकी क्रमांक ठरविण्यात आले. तेराच का, याचे उत्तर आंतरराष्ट्रीय नियमात आहे. देशाच्या संकेतांकासह क्रमांक १५ अंकांहून मोठा असता कामा नये; भारताचे ९१ हे दोन अंक वजा केले की १३ उरतात. जेवढी जागा होती तेवढी सर्व एकदम घेतली. नव्या यंत्रजोडण्यांना १ जुलै २०१८ पासून असे क्रमांक द्यावयाचे आणि जुन्या त्या वर्षअखेरपर्यंत बदलावयाच्या, असा आदेश निघाला. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत ही वार्ता पसरली तेव्हा पुष्कळांची समजूत झाली की सर्वांचेच भ्रमणध्वनी क्रमांक तेरा अंकी होणार. खुलासे करावे लागले. सिमकार्ड माणसाचे नसूनही असू शकते ही कल्पनाच तेव्हा लोकांना अपरिचित होती, असा याचा अर्थ मी लावतो.

यावरून आपण तिसऱ्या व कळीच्या प्रश्नापाशी येतो. ‘सिम’ हा शब्द ज्या इंग्रजी शब्दसमूहाच्या आद्याक्षरांनी बनला त्यातील पहिले अक्षर ‘सब्स्क्रायबर’चे आहे. या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ खाली सही करणारा. मराठीत आपण वर्गणीदार किंवा ग्राहक म्हणतो. दोन्हींत एक जिवंत, सही करू शकणारा, चुकल्यास जाब देणारा माणूस गृहीत आहे. यंत्र सही करीत नाही. मग कार्ड कोणाच्या नावे द्यावयाचे? १६ मे २०१८ रोजी दूरसंचार विभागाने दिलेल्या सूचनांनी याचे उत्तर दोन भागांत दिले. एक, कार्ड ज्या संस्थेमार्फत यंत्रसेवा पुरविली जाते तिच्या नावे असेल. यंत्र ज्याच्या ताब्यात दिले त्याचा तपशील त्या संस्थेने नोंदवून ठेवावयाचा आणि बदल झाल्यास तोही नोंदवावयाचा. दोन, असे कार्ड पूर्वनिश्चित अशा मोजक्याच क्रमांकांशी व आंतरजालावरील मोजक्याच पत्त्यांशी बोलू शकेल, इतरांशी नाही. मालकी एकाची आणि ताबा दुसऱ्याचा, ही आपल्या जमीनमहसुलाच्या इतिहासात मुरलेली जोडी येथे पुन्हा दिसते. ८ फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशी सेवा पुरविणाऱ्या संस्थांची नोंदणीही ठरवून दिली.

नियोजन करणाऱ्याच्या दृष्टीने या दोन्ही अटींना किंमत आहे. पत्ते पूर्वनिश्चित असावे लागतात. म्हणून उद्या माहिती साठविण्याचे ठिकाण बदलावयाचे झाले, तर केवळ आपला संगणक बदलून भागत नाही, दूरसंचार कंपनीकडील यादीही बदलावी लागते. ताब्याची नोंद अद्ययावत ठेवावी लागते, आणि ते कारकुनी काम यंत्र जगेल तोवर चालू राहते. वीस मोटारींच्या मालकाने एक मोटार विकली, तर तिच्यातील कार्डाची नोंदही बदलली पाहिजे. ही कामे दरपत्रकात कोठेही दिसत नाहीत, आणि अंदाजपत्रकांत ती बहुधा सुटतात.

वाहनांच्या बाबतीत केंद्रीय नियमांनी आणखी एक पाऊल टाकले. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत, दुचाकी व तीनचाकी वगळून, स्थाननिदर्शक आणि संकटसूचक बटणे असलीच पाहिजेत असे ठरले. त्यासाठीच्या ‘एआयएस १४०’ या मानकात कार्ड यंत्रातच जडविलेले असावे व त्यावर दोन कंपन्यांच्या ओळखी बाळगता याव्यात, असे सांगितले आहे. कारण सरळ आहे. खांबावरील, छपरावरील किंवा बंद पेटीतील कार्ड बदलण्यास माणूस पाठविण्याचा खर्च त्या कार्डाच्या कित्येक महिन्यांच्या भाड्याएवढा असतो. जडविलेल्या कार्डाची ओळख दुरूनच बदलता येते.

विद्युत मीटरांच्या बाबतीत प्रश्न सर्वांत मोठ्या प्रमाणावर उभा आहे. केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये मंजूर केलेल्या वितरण सुधारणा योजनेत २५ कोटी स्मार्ट मीटरांचे लक्ष्य ठेवले. महाराष्ट्रासारख्या राज्यांना प्रत्येक मीटरमागे खर्चाच्या १५ टक्के, पण ९०० रुपयांहून अधिक नाही, असे अनुदान त्यात आहे. मीटर बसविणारी व सांभाळणारी संस्था सर्व खर्च आधी स्वतः करते, आणि वितरण कंपनी तिला दर मीटरमागे दर महिन्यास ठरलेली रक्कम देते. ‘मीटर-महिना’ असे एक नवेच मापन त्यातून जन्मास आले आहे. मनुष्य-दिवसाचे हे धाकटे भावंड म्हणावयास हरकत नाही. मीटर व त्याची जोडणी, दोहोंचा खर्च या एका शब्दात विरघळून जातो. देयक मात्र नोंदी वेळेवर पोहोचण्याच्या प्रमाणाशी बांधलेले असते. म्हणून तळघरातील, जाड भिंतीआडच्या मीटरांचा आवाज पोहोचत नसेल तर नुकसान त्या संस्थेचे. अशा ठिकाणी काही संस्था भ्रमणध्वनीचे जाळे सोडून मीटर-मीटरांतच लघुअंतराची रेडिओसाखळी विणतात. त्यासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ पासून परवान्यावाचून वापरण्यास मोकळा आहे व २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढविला गेला. साखळीच्या टोकाशी एकच सिमकार्ड पुरते. पनवेलसारख्या ठिकाणी, जेथे दाट इमारतींच्या वसाहती आणि पांगलेल्या वाड्या एकाच तालुक्यात आहेत, तेथे सर्वत्र एकच रीत लागू करणे मला शहाणपणाचे वाटत नाही. इमारतींत साखळी आणि वाडीवर सिम, अशी सरळ विभागणी तेथे करता येण्यासारखी आहे.

आयुष्यमानाचा मुद्दा येथेच सांगितला पाहिजे. मीटर दहा वर्षे टिकावा अशी अपेक्षा असते. दूरसंचाराची पिढी तितकी टिकेल याची हमी कोणी देत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झालेल्या जिओने दुसऱ्या व तिसऱ्या पिढीचे जाळे उभारलेच नाही. एअरटेलने आपली तिसऱ्या पिढीची सेवा २०१९-२० मध्ये गुंडाळली, पण दुसऱ्या पिढीची ठेवली. म्हणजे जुनी पिढी आधी आणि नवी नंतर बंद पडेल, असा साधा क्रमही येथे चालला नाही. मधली गेली, थोरली राहिली. तिसऱ्या पिढीवर विसंबून ज्यांनी यंत्रे घेतली त्यांचा हिशेब दरामुळे नव्हे तर जाळ्याच्या मरणामुळे चुकला.

परदेशातून आलेल्या यंत्रांचा एक स्वतंत्र पोटप्रश्न आहे, आणि तो बंदराजवळच्या या परिसरास परका नाही. जवाहरलाल नेहरू बंदर शेजारच्या उरण तालुक्यात आहे. मोटारगाड्या, उद्वाहक, मोठी यंत्रे परदेशी कंपनीचे कार्ड जडवूनच येतात, आणि ती येथे कायमची ‘फिरतीवर’ राहू शकतात. घर येथे, ओळख परदेशाची. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१७ मध्ये अशा फिरतीस जास्तीत जास्त तीन वर्षांची मुदत सुचविली होती. मार्च २०२४ मधील शिफारशींत ती मुदत फिरती सुरू झाल्यापासून सहा महिने, किंवा यंत्राची मालकी बदलेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तेवढीच सुचविण्यात आली. त्यानंतर कार्डाने भारतीय कंपनीची ओळख घेतली पाहिजे. यंत्र मागविणाऱ्याने या बदलाचा खर्च खरेदीच्या करारातच घालावा हे इष्ट.

आता घरमालकाच्या बाजूने पाहू. त्याच्या भिंतीवरील मीटर दर अर्ध्या तासाने सांगतो की घरात वीज किती चालली आहे; म्हणजे माणसे केव्हा उठली, केव्हा बाहेर गेली, घर किती दिवस बंद होते, हे सर्व त्यावरून अनुमानता येते. पूर्वी मीटर वाचणारा मनुष्य महिन्यातून एकदा दारी येत असे आणि एक आकडा टिपून नेत असे. त्या आकड्यातून घराच्या दिनक्रमाविषयी काही कळत नसे. नव्या व्यवस्थेत निरोप त्याच्या घरातून निघतो, पण निरोपाचा वर्गणीदार तो नाही. सही त्याची नाही, कार्ड त्याच्या नावे नाही. नोंदवहीत तो आहे तो ताबेदार म्हणून. खर्च मात्र वीजदराच्या वाटेने अखेर त्याच्यापर्यंत येण्याचा संभव असतो. जून २०२४ मध्ये राज्य सरकारने सामान्य ग्राहकांकडे आगाऊ पैसे भरण्याचे स्मार्ट मीटर बसविणार नसल्याचे जाहीर केले, ते लोकांच्या विरोधानंतर. त्या विरोधात चर्चा मुख्यतः आगाऊ पैशांची आणि वाढीव देयकाच्या भीतीची झाली. आगाऊ पैसे टळले तरी मीटरमधील कार्ड टळत नाही, आणि ते कोणाच्या नावे आहे हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच आला.

वीजग्राहकाला आपल्या देयकावर ग्राहक क्रमांक दिसतो, मीटरचा क्रमांक दिसतो. त्या मीटरच्या पोटातील तेरा अंकी क्रमांक त्याला दिसत नाही. तो क्रमांक, तो ज्या संस्थेच्या नावे आहे तिचे नाव, आणि तो दिवसातून किती वेळा बोलतो, या तीन गोष्टी देयकाच्या मागील बाजूस छापण्यास अर्ध्या ओळीची जागा पुरेल.